वांगं परत द्यायचं आहे

पेंदोरबाईंनी बजावून दिलं:
अकराच्या आत परत पाहिजे मॅडम, मोजून आणले हायत.
मी ते वांगं दोन्ही हातांत धरून वर्गात आणलं,
शेजारणीचं तान्हं आणावं तसं.

तिपाईवर तांदळाच्या पोत्याचा तुकडा,
त्यावर वांगं, पाठीमागे जर्मनचा चेपका गंज,
आणि नवसूच्या दप्तरातून निघालेलं एक सीताफळ,
ज्याचे डोळे अजून उघडायचे होते.

चौदा पोरं. तेलखडूंचे दोन डबे.
काळ्यासाठी भांडण, पांढरा कुणालाच नको,
कागद पांढरा असताना पांढरा खडू कायले, असं त्यांचं म्हणणं,
आणि मला त्यावर उत्तर नव्हतं.
ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून उतरत होतं,
खडू बोटांना चिकटत होते गुळासारखे.

आधी काढू नका, म्हटलं. आधी पाहा.
पायलं.
अजून पाहा.
अजून किती डाव जी?

एलिमेंटरीला मला सी ग्रेड होती.
माझा तांब्या कललेला,
परीक्षकांना वाटलं असेल, आता सांडतो.
हे मी पोरांना सांगितलं नाही.
फळ्यावर नुसता एक गोल काढला, पुसला,
म्हटलं, माझं बघून नका काढू.

शीलवंतनं वांग्याला काळा ठिपका दिला.
हे काय रे?
भोक हाय. आत अळी हाय.
मी उठून त्याच्या जागेवर जाऊन बसले, गुडघे पोटाशी घेऊन.
खरंच होतं.
माझ्या बाजूनं ते वांगं अगदी निर्मळ दिसत होतं.

रुचिका सावलीपाशी अडून बसलेली.
सगळ्यांनी काळी घासली, तिचा हात थांबला.
मॅडम, सावली काळी नाही जी.
वांग्यातच पाणी टाकल्यावानी हाय.
आणि जांभळा इतका हलका फिरवला
की कागदाचे दाणे दिसत राहिले,
मग अंगठ्यानं पुसून पुसून पातळ केला,
रस्सा वाढवताना तिची आई करत असेल तसा.

मग पेंदोरबाई आल्या, पदराला हात पुसत.
अकरा वाजले.
देठाला धरून वांगं उचललं नि चालू लागल्या.

चौदा अर्धी वांगी कागदावर.
मी म्हणणार होते, आता आठवून काढा.
तोवर वर्ग रिकामा.
पाट्या, कागद, खडू, सगळं घेऊन
पोरं स्वयंपाकखोलीच्या दाराशी, उकिडवी,
आणि पेंदोरबाईंनी विळीवर धरलेलं वांगं तसंच हवेत:
थांबा! थांबा जी! हालू नका!

त्या थांबल्या.
चुलीवर खिचडी रटरटत होती,
झाकण उडत होतं, तरी थांबल्या.
मला वाटतं पाचेक मिनिटं.
एवढा वेळ त्यांना कुणी असं पाहिलं असेल का,
हे मला ठाऊक नाही.
हिरवे खडू आता बाहेर आले, बांगड्यांसाठी.
एकीनं कपाळावरचं गोंदण काढलं.
वांगं कागदाच्या कोपऱ्यात गेलं.

नवसू बोलत नाही कधी.
त्यानं डब्यातला कोरा करकरीत पांढरा काढला
आणि वांग्याच्या फुगलेल्या गालावर
दाबून चार उभ्या रेघा ओढल्या.
खिडकी हाय तिच्यात, तो म्हणाला. गज हायत.

मी वाकून पाहिलं.
वर्गातली खिडकी तर मागे राहिली होती,
ही त्याला आधीच दिसली असणार.

झालं का बाप्पा? हात दुखला माहा.
भोकाची बाजू त्यांनी शीलवंतला दाखवूनच कापून टाकली.

दुपारी ताटलीत खिचडी, त्यात कुठंतरी वांगं,
बोटं जांभळी, राख लावूनही न निघालेली.
सीताफळ तिपाईवरच राहिलं.
भांडी घासून झाल्यावर पेंदोरबाई दारात उभ्या,
भिंतीवरचे कागद बघत, आत न येता.

उद्या भोपळा हाय, त्या म्हणाल्या.
मोठा हाय. साडेअकरापर्यंत ठेवा.